मिशरीला व्यसन कधी म्हणणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

व्यसनांवर काही छापून आलं की दारू, गुटखा, सिगारेट आणि हल्ली मोबाईल, एवढ्यावर विषय संपतो. बोटानं दातांना लावायच्या मिशरीचं नाव कुणी घेत नाही. आमच्या सातारा भागात, तिकडं कोल्हापूरला, कोकणात कितीतरी घरांत बायका सकाळी चहाच्या आधी डबी उघडतात, जेवण झालं की परत, दुपारी ओट्यावर चौघी बसल्या की परत आणि झोपताना परत. नुसते दात घासायचे असते तर एवढ्या वेळा कशाला लागली असती हो?

तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची आणि चुरायची, झाली मिशरी. पण डॉक्टरनी "तंबाखू खाता का" विचारलं की बाई सरळ नाही म्हणते, आणि ती खोटं बोलत नसते, तिच्या हिशोबानं ती दात घासते. केसपेपरवर 'नाही' लागतं आणि पुढं कुणी विचारत नाही.

"लावल्याशिवाय पोट साफ होत नाही" हे तर घरोघरी ऐकू येतं. त्यात खरं एवढंच की निकोटिनची सवय लागली की ते मिळालं नाही तर बद्धकोष्ठ होतो, डोकं उठतं, चिडचिड होते, कशात लक्ष लागत नाही, आणि घरचे म्हणतात हिचा स्वभावच तापट. मग बोटभर लावली की बरं वाटतं, म्हणून टेन्शनवरचं औषध समजून लावत राहायचं, पण त्यातलं अर्धं टेन्शन त्या डबीनंच आणलेलं असतं! हिरड्या दात सोडतात, तोंडात पांढरे चट्टे येतात, त्यातनंच काहींना पुढं कॅन्सर होतो. गरोदरपणात लावली तर बाळ कमी वजनाचं होण्याची भीती. आणि दाढ दुखते म्हणून आजीच नातीला लावायला देते, तिथनं पुढची पिढी सुरू.

बायकांना नावं ठेवायला हे लिहित नाहीये. रानातनं येऊन चुलीपुढं जायच्या आधी निवांत बसायला मिळतं ते तेवढंच, पुरुषांना पारावर बसायला काही निमित्त लागत नाही.

तंबाखू घातलेल्या टूथपेस्ट आणि दंतमंजनावर केंद्र सरकारनं १९९२ सालीच बंदी घातली, राज्यात गुटखाबंदी २०१२ ला आली, पण घरच्या तव्यावर कुठला कायदा चालणार? म्हणून मागणी साधी आहे. आशाताईंनी आणि गरोदर बायकांच्या तपासणीत सिस्टरनी "तंबाखू खाता का" एवढ्यावर न थांबता "मिशरी लावता का, दिवसातनं किती वेळा" असं स्पष्ट विचारावं आणि कार्डावर लिहावं. सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस जास्त त्रास होतो, मग काही आठवड्यांत कमी होतो, हेही तेव्हाच सांगावं, नाहीतर तिसऱ्या दिवशी डबी परत उघडते. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ हा सरकारी फुकट नंबर आहे, तो पुड्यांवर छापतात, पण घरी भाजलेल्या मिशरीला पुडा कुठला, तेव्हा तो अंगणवाडीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा.

आपला,
एक वाचक, जि. सातारा