लेकरांची सावड

लातूर,
दिवाळीनंतरचा रविवार

प्रिय गड्या,
सप्रेम नमस्कार.

तू फोन उचलत नाहीस म्हणून कागद घेतला. वहिनी आमच्या हिच्याशी बोलल्या, त्यामुळं तुमच्या छोटूला ऑटिझम आहे हे कळलंय. तसंही फोनवर आपण काय बोलतो? सोयाबीनचा भाव, पाऊस, मग ‘बाकी?’ आणि ‘बाकी निवांत.’ त्यात हे कुठं बसणार. हे पत्र गल्ल्यात ठेव, हरभऱ्याच्या बियाण्याची गर्दी ओसरली की वाच. आणि वाचून झालं की वहिनींच्या हातात दे, लपवू नको.

आधी काकूंचं बोलतो. त्यांनी पाठवलेल्या धपाट्यांवर मी होस्टेलची वर्षं काढली, म्हणून तेवढा हक्क आहे. काकू म्हणतायत, वहिनींनी गरोदरपणी मोबाईल पाहिला म्हणून लेकरू असं झालं. उद्या म्हणतील, ग्रहणात सुरी धरली. गड्या, ऑटिझम आईच्या कुठल्या चुकीनं होत नाही. मेंदूची घडणच वेगळी असते आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा. लिओ कॅनर या डॉक्टरनं 1943 साली अशा मुलांबद्दल पहिल्यांदा सविस्तर लिहिलं. त्यानंतर कितीतरी वर्षं अमेरिकेतले शिकलेले लोकसुद्धा ‘आई मायेला थंड, म्हणून लेकरू असं’ म्हणत होते. तिथल्या आयांनी ते ऐकून घेतलं, आता ते सगळं मोडीत निघालंय. लसीचंही तेच. 1998 साली वेकफिल्ड नावाच्या डॉक्टरनं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात लेख लिहून लसीनं ऑटिझम होतो ही भीती पसरवली. 2010 साली त्या साप्ताहिकानं लेख मागं घेतला आणि त्याच वर्षी ब्रिटनमध्ये त्याची डॉक्टरकीची नोंदणीही रद्द झाली. तेव्हा छोटूच्या राहिलेल्या लसी घेऊन टाक.

हे काकूंना वहिनींनी सांगायचं नाही, तू सांगायचं. सून बोलली की सासूला उलट उत्तर वाटतं. लेक बोलला की काकू दोन दिवस फुगतील आणि तिसऱ्या दिवशी विसरतील. चहाच्या वेळी, आवाज न चढवता, एकदाच.

आता आमच्या घरचं. सोन्या सहा वर्षांचा झाला. बोलतो थोडं, तेही जाहिरातीच्या चालीत. काही पाहिजे असलं की माझा हात धरून नेतो आणि माझाच हात त्या वस्तूवर ठेवतो. मिक्सर लागला की कान दाबून न्हाणीत जाऊन उभा राहतो, म्हणून आमच्या हिनं शेंगदाण्याची चटणी परत उखळात कुटायला घेतली. (चटणी सुधारली, हे मान्य करावं लागेल.) रात्री दोन-अडीचला उठतो आणि बाटल्यांची झाकणं लावत बसतो. निळी एका रांगेत, पांढरी दुसऱ्या, थेट उंबऱ्यापर्यंत. मधलं एक झाकण पायानं हललं तरी सगळं उचलून पहिल्यापासून. त्याच्यापाशी कुणीतरी बसावं लागतं.

त्याची आम्ही पाळी लावलीय. एक रात्र तिची, एक माझी. ज्याची पाळी नाही त्यानं दार लावून झोपायचं, ‘मी पण बसतो’ अशी माया दाखवायची नाही. दोघं जागले तर सकाळी घरात दोन पेंगलेली माणसं आणि सिलेंडर कुणी लावायचा यावरून महाभारत. पाळीवाल्याला पहिला चहा होईपर्यंत कुणी काही विचारायचं नाही. लग्नातही तसंच. डीजे वाजत असतो तेव्हा एकजण मांडवात अक्षता टाकतो, दुसरा सोन्याला घेऊन आचाऱ्याच्या भट्टीपलीकडं उभा. जेवणाच्या पंगतीला अदलाबदल. ‘जोडीनं आलं न्हाईत व्हय?’ असं विचारणारे विचारतातच. पाव्हणे रुसले तर रुसू देत.

आणि एक सांगतो, यावर मात्र नीट विचार कर. वहिनी सध्या रात्र-रात्र मोबाईलवर शोधत असतील, एक पान वाचून हरखत असतील, दुसरं वाचून रडत असतील. तू दुकान बंद करायला रोज उशीर लावत असशील. त्यांना वाटतंय तुला काहीच वाटत नाही, तुला वाटतंय त्या फार मनाला लावून घेतात. दोन्ही खोटं. नवरा-बायकोचा धीर एकाच दिवशी सुटत नाही, आणि ते बरंच आहे, नाहीतर लेकराला जेवू कोण घालणार? ज्याचा सुटलाय त्याला ‘काही होत नाही गं’ म्हणून उपयोग नसतो. माझा अनुभव विचारशील तर अशा वेळी गप भांडी घासून टाकावीत. समजुतीपेक्षा ती जास्त कामाला येतात. वहिनींनी नोकरी सोडावी असा सूर निघतोय म्हणे. घाई करू नका. आधी हिशेब मांडा. पैशाचा तर मांडाच, आणि चार लोकांत उठबस असलेली बाई एकदम दिवसभर चार भिंतींत बसली की तिचं काय होतं, त्याचाही.

पण फक्त नवरा-बायकोनं हा गाडा ओढायचा म्हटलं तर दमछाक होते. म्हणून खरं सांगायचं ते हे, की चांगला थेरपिस्ट शोधायला पुणे-हैदराबादच्या चकरा सुरू करण्याआधी उदगीरमध्येच अशी दोन घरं शोध. असतात. दिसत नाहीत, कारण तीही तुझ्यासारखीच दार लावून बसलेली असतात. बालरोगतज्ज्ञांना विचार, अंगणवाडीताईंना विचार, वाचा-उपचाराच्या ठिकाणी बाहेरच्या बाकड्यावर बस.

मला ती माणसं बाकड्यावरच भेटली. आया आत-बाहेर बोलत असायच्या, आम्ही बाप लोक लेकरू सोडून टपरीवर आणि तोंड मोबाईलमध्ये. एक दिवस औसा रोडचे एक गुरुजी स्वतःहून म्हणाले, ‘तुमचा केस कापू देतो का हो?’ बास, तिथून सुरू झालं. केस कापायचा विषय तासभर चालला! कुणाचा झोपेत कापावा लागतो, कुणी न्हाव्याला घरी बोलावतो, मशीनचा आवाज कुणाला चालत नाही. बाहेरच्या माणसाला हे सांगायचं तर आधी अर्धा तास ऑटिझम समजवा, मग त्याची हळहळ ऐका. इथं पहिल्या वाक्याला समोरचा मान डोलावतो.

आता आमची शेतातल्यासारखी सावड चालते, आज तू माझ्याकडं, उद्या मी तुझ्याकडं. गुरुवारी दुपारी सोन्या गुरुजींकडं, रविवारी त्यांची मुलगी आमच्याकडं. ती आली की आमच्या पंख्याच्या बटणाचा ताबा तिचा, चालू-बंद, चालू-बंद, आणि गुरुजी-बाई बाजार करून येतात, कधी नुसतेच गंजगोलाईत हिंडून येतात. रेणापूरच्या एक ताई आहेत, नवरा ऊसतोडीला जायचा, आता टमटम चालवतो. सातवी शिकलेली बाई, पण कागदपत्रांत कुणाला ऐकणार नाही. आम्हा सगळ्यांचे अर्ज त्यांच्या नजरेखालून जातात. फोटोंच्या चित्रपत्त्यांची युक्तीही त्यांचीच. छापील चित्रातला पेला सोन्याला कळेना, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘त्याच्याच पेल्याचा फोटो काढा की.’ काढला. स्टीलचा, काठाला पोचा आलेला. आता तहान लागली की तो पत्ता आणून माझ्या मांडीवर ठेवतो.

सगळं गोडगोड आहे असं समजू नको. ‘तुमचा बोलायला लागला का? आमचा तर कविता म्हणतो’ असं बोलणारेही तिथंच भेटतात. कुणी पावडर विकतो, कुणी सगळ्यांना एका बाबाकडं न्यायला बघतो. त्यांना चहा पाजायचा आणि विषय बदलायचा. मूळपेशींचं इंजेक्शन देऊन ऑटिझम बरा करतो म्हणणारे लाखांत पैसे मागतात, पण तसा काही गुण येतो हे सिद्ध झालेलं नाही. त्यासाठी एकरभर रान विकायला काढायचं कुणी सुचवलं, तर आधी मला फोन कर. मग मात्र उचल.

कागदाचं, म्हणजे दिव्यांग प्रमाणपत्राचं, थोडक्यात. तुला ‘शिक्का’ नको असं वहिनी म्हणाल्या. 1995 च्या कायद्यात सातच प्रकारची अपंगत्वं होती, ऑटिझमचं नावही नव्हतं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ती 21 झाली, त्यात ते आलं. म्हणजे आपल्या आधीच्या आई-बापांना मागूनही जो कागद मिळत नव्हता, तो तू नको म्हणतोयस. सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज कर, मग सरकारी दवाखान्यात तपासणी होते. 40 मुद्द्यांची भारतीय मोजपट्टी आहे, तिच्यावरून टक्केवारी ठरते. लातूर पॅटर्नच्या जिल्ह्यात राहतो आपण, इथं टक्के आले की चौकात फ्लेक्स लागतो. हे एवढेच टक्के असे की कुणी फ्लेक्स लावत नाही, पण कामाला हेच येतात. 40 टक्के किंवा जास्त असले की सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जुन्या करपद्धतीत राहिलास तर आयकरात 75,000 रुपयांची वजावट आहे. राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ योजना वेगळी, तिच्यात 1 लाख रुपयांपर्यंतचा आरोग्यविमा मिळतो, थेरपीचा काही खर्चही त्यात बसतो. आणि जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात छोटूला एकदा दाखव. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातलं ते केंद्र, पैसे लागत नाहीत. लातूरला आलास की रेणापूरच्या ताईंना गाठून देतो, त्या अर्जातली चूक लांबून ओळखतात.

येळवस, आपली वेळ अमावस्येची शेतातली पूजा-पंगत, जवळ आलीय. या वर्षी आमच्या शेतात या, चौघंही. काकूंनाही आणा, भज्जी आणि आंबील त्यांच्या हातची करायची असं आमच्या हिनं ठरवूनच टाकलंय. गुरुजींचं घर येणार आहे, रेणापूरचेही. पूजेच्या कडब्याच्या कोपीपाशी आरडाओरडा असतो, ‘ओलगे ओलगे’ सुरू झालं की छोटू घाबरेल, म्हणून तुमची सोय आंब्याखाली, विहिरीपासून लांब. तो भज्जी खाणार नसेल तर त्याचा नेहमीचा डबा आणा, कुणी विचारणार नाही. चप्पल घालत नसेल तर न घालता येऊ दे, तेवढी बाजू आम्ही काटे वेचून ठेवतो. तासाभरात निघावं वाटलं तर निघा, ‘एवढ्यात कुठं?’ असं त्या रानात कुणी म्हणणार नाही. वहिनी आणि आमची ही बोलत बसतील. आपण दोघं गुरुजींना घेऊन पोरांमागं पळू.

किती वाजता निघणार ते आदल्या दिवशी कळव. सकाळी दहापर्यंत पोचलात तर बरं, दुपारनंतर रस्त्याला गर्दी होते.

काकूंना नमस्कार, छोटूला लाड.

तुझाच,
खोलीतला जोडीदार

ता. क. छोटूला झाकणं आवडतात का ते कळव. सोन्याकडं निळी ढिगानं आहेत, पण पांढरी तो देणार नाही.