लॅपटॉप पाठवतोय, सोबत केबल आहे

औसा,
गुरुवार, रात्री

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं गेलीस, लॅपटॉप टेबलावर तसाच टाकून. आईनं बांधून ठेवलेले धपाटेसुद्धा नेले नाहीस. राग बापावर होता, धपाट्यांनी काय केलं होतं? असो. कर्ज काढून हप्त्यावर नवीन लॅपटॉप घ्यायचा विषय मी या पत्रात काढणार नाही, फोनवर झाला तेवढा पुरे. आत्याचा पोरगा रविवारी संभाजीनगरला येतोय, त्याच्या हाती लॅपटॉप पाठवतोय. सोबत माझा जुना मोबाईल आहे आणि एक काळी केबल. केबल जपून ठेव, का ते पुढं लिहितो.

तू म्हणाली होतीस, यात ते ॲप बनवायचं सॉफ्टवेअर, अँड्रॉइड स्टुडिओ, उघडेपर्यंत माणूस अंघोळ करून येतो. मी लातूरला दाखवला. दुरुस्तीवाल्या पोरानं चालू करून दाखवलं, काही न करता डिस्क शंभर टक्क्यांवर अडकलेली, रॅम चार जीबी. स्टुडिओला कमीत कमी आठ लागते आणि एम्युलेटर, म्हणजे स्क्रीनवरचा नकली फोन, चालवायचा तर सोळा, असं गूगलनंच लिहून ठेवलंय म्हणे. म्हणजे रोग तू बरोबर ओळखला होतास. आपलं भांडण औषधावर आहे.

झाकण काढलं तेव्हा मी शेजारीच बसलो. पंख्यात धूळ आणि केसांचा लगदा, प्रोसेसरवरची पेस्ट वाळून तिचे पापुद्रे सुटलेले. उशीवर ठेवून वापरतेस ना? खालची जाळी उशीनं बंद होते आणि गरम हवा कोंडते. रॅमची एक खाच रिकामी निघाली. पोरानं आठ जीबीची जुनी पट्टी बसवली तर मशीन उठेचना. त्यानं दोनदा पुसून लावली. मी दोन्ही पट्ट्या चष्मा लावून वाचल्या. आतल्या पट्टीवर पीसी-थ्री-एल लिहिलेलं, त्यानं आणलेल्या पट्टीवर नुसतं पीसी-थ्री. विचारलं तर कळलं, एलवाली १.३५ व्होल्टची आणि साधी १.५ व्होल्टची, आणि तुझ्या चौथ्या पिढीच्या आय-थ्री प्रोसेसरला एलवालीच लागते. व्होल्टेजचा फरक मला कुणी शिकवायची गरज नाही. दुसरी पट्टी लावली, झालं चालू. पोरगं म्हणालं, काका, तुम्हीच दुकान टाका. हे मी आईला सांगितलं, तिनं नुसतं हूं केलं.

फिरणारी डिस्क काढून २५६ जीबीची एसएसडी टाकली. जुनी डिस्क डबीत घालून दिलीय, तुझे फोटो त्यात आहेत. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ तुझ्या प्रोसेसरवर रीतसर चढत नाही, म्हणून त्यानं विंडोजच्या जागी लिनक्स मिंट टाकलंय. स्टुडिओ त्यावर चालतो, मी डोळ्यांनी बघितलं. एम्युलेटरला लागणारं व्हर्च्युअलायझेशन बायोसच्या सेटिंगमध्ये बंद होतं, तेही चालू केलंय. तरी एम्युलेटरच्या नादी लागू नकोस, दोन कोअरच्या प्रोसेसरच्या तोंडाला फेस येतो. त्यासाठीच मोबाईल पाठवलाय. ॲप थेट त्याच्यावर चालवून बघायचं.

त्या मोबाईलचं सगळं मी स्वतः केलंय. सेटिंगमध्ये 'फोनबद्दल' आहे, तिथं बिल्ड नंबरवर सात वेळा बोट मारलं तर खाली अक्षरं आली, तुम्ही आता डेव्हलपर आहात. आयटीआयच्या सर्टिफिकेटनंतर मला कुणी काही म्हटलं नव्हतं, हे पहिलंच. मग केबलीतून ॲप फोनवर चढवू देणारं यूएसबी डीबगिंग चालू केलं, पण लॅपटॉपला फोन दिसेना. पोरगं सॉफ्टवेअरमध्ये शोधत बसलं. मी केबल कापली. आत दोनच तारा, लाल आणि काळी. ती नुसती चार्जिंगची. डेटाला आणखी दोन लागतात, हिरवी आणि पांढरी. तुझ्या रूमवरच्या स्वस्तातल्या केबली अशाच असतील, म्हणून ही चार तारांची काळी जपायची.

पहिल्या वेळी ते ग्रेडल, स्टुडिओतलं ॲप बांधणारं यंत्रच म्हण, इंटरनेटवरून ढीगभर सामान ओढतं. तुझा रोजचा डेटा त्यातच गेला असता, म्हणून एक रिकामा प्रोजेक्ट दुकानाच्या वायफायवर बांधून घेतला. आता रोजच्या कामाला ग्रेडलचा ऑफलाइन मोड चालू ठेव, नवीन काही जोडायचं असेल तेव्हाच काढ. प्रोजेक्ट बांधताना स्क्रीनवरची खालची पट्टी कितीतरी वेळ सरकत होती. मग माझ्या त्या काच तडकलेल्या मोबाईलवर पांढरं पान आलं आणि वर कोपऱ्यात बारीक अक्षरात हॅलो अँड्रॉइड. एवढंच. मी तो मोबाईल हातात धरून एसटीत आईला दाखवत आलो. ती म्हणाली, पोरीचं ॲप झालं का? मी म्हटलं, पोरीचं अजून व्हायचंय, ही नुसती पाटी लावलीय.

बॅटरी नवीन टाकली, नाहीतर लाईट गेली की काम गेलं. रॅम नऊशे, एसएसडी एकोणीसशे, बॅटरी पंधराशे, एकूण चार हजार तीनशे. तुझा एक हप्ता साडेचार हजारांचा होता ना?

घे, काढलाच विषय. आता काढलाय तर विचारतो. मागच्या आठवड्यात माझ्या मोटार वाइंडिंगच्या दुकानात एका अनोळखी नंबरवरून फोन आला. बाई हिंदीत बोलत होती. तुझं नाव घेतलं आणि विचारलं, यांना ओळखता का, तुमच्या कोण लागतात. मी म्हटलं, लेक आहे, काय काम आहे? तिनं ठेवून दिला. आईला सांगितलं नाही. तेव्हापासून मोटार बांधताना तारेचे आटे मोजायला चुकायला लागलोय. तू कर्जाच्या ॲपवर नुसता अर्ज भरून बघितलास की खरंच कर्ज घेतलंस? घेतलं असशील तर सांग, मी ओरडणार नाही. ओरडलो तरी तेवढ्यापुरता.

तू स्वतः ॲप बनवायला शिकतेस, कोणतं ॲप फोनमधलं काय काय मागतं हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळायला पाहिजे. रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०२२ मध्ये नियम केलाय, कर्ज देणाऱ्या ॲपनं तुमचे नंबर, कॉलची यादी, फोटो यांना हात लावायचा नाही, वर्षाचा सगळा खर्च धरून व्याजाचा दर आधी कागदावर दाखवायचा, आणि पैसे थेट तुमच्या खात्यात यायला पाहिजेत. मग दुकानाचा नंबर त्यांना मिळाला कुठून? तू दिलास का? दिला असशील तर तेही ठीक, पण सांग. शिकलेल्या माणसानं सही करायच्या आधी शेवटच्या ओळीपर्यंत वाचावं, कॉलेजची पोरं सगळी घेतात म्हणून आपण घ्यायचं नसतं, आपलं उत्पन्न काय, आपलं घर काय... बघ, लागलो भाषण द्यायला. तू समोर असतीस तर उठून गेली असतीस. माफ कर.

२०१६ आठवतं का तुला? पाचवीत होतीस. एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. पेपरात आलं होतं, पहिल्या गाडीला दहा डबे, पाच लाख लिटर. तू लगेच भागाकार करून म्हणालीस, एका डब्यात पन्नास हजार, मग आपल्या गल्लीला एक डबा किती दिवस पुरेल अण्णा? माणशी किती बादल्या ते आजीला विचारून वहीत मांडत बसलीस. मी त्या रात्री आईला म्हटलं होतं, ही पोरगी मोटारी बांधायला नाही राहायची. त्या वर्षी दुकानात जळालेल्या मोटारींची रांग होती. बोअरमधली मोटार भोवतीच्या पाण्यानं गार राहते. पाणी खाली गेलं तरी ती फिरत राहते, वरून आवाज येत नाही, आणि कळतं तेव्हा वाइंडिंग काळं पडलेलं असतं. हप्त्याचं तसंच आहे बाई. तेव्हाची उधारी आबांच्या वहीत अजून आहे, काही माणसंच राहिली नाहीत, कुणाकडं मागणार?

आणि यंदा उलटं. सप्टेंबरच्या पाण्यानं सोयाबीन गेलं, मोटारी गाळानं भरून आल्या. धुवायच्या, वाळवायच्या, पुन्हा बांधायच्या. काम भरपूर आहे, पैसे कुणी देत नाही आणि मागायला तोंडही होत नाही. त्या दिवशी मी नाही म्हटलं ते यामुळं. तुझ्यावर विश्वास नाही म्हणून नव्हे.

माझी वाइंडिंगची वही बॅगेत घातलीय. किती एचपीची मोटार, किती खाचांची, कितीचे आटे, कोणत्या गेजची तार, सगळं कंपनीवार आहे. तू म्हणाली होतीस ना, याचं ॲप करू, नंबर टाकला की आटे दिसले पाहिजेत. लहानपणी शेजारी बसून आटे मोठ्यानं मोजायचीस आणि मध्येच शाळेची गोष्ट काढून माझं मोजमाप चुकवायचीस. तीच वही आहे. पानं सुटलेली आहेत, फोटो काढून घे आणि वही परत आण. येळवसीला येशील तेव्हा आण. शेतात भज्जी, आंबिल सगळं होणार आहे, आजी रोज विचारते. येणार आहेस ना?

प्ले स्टोअरवर टाकायला एकदाच पंचवीस डॉलर लागतात म्हणे. ते मी देतो, त्यासाठी कुठल्या ॲपकडं जाऊ नकोस. आणि पोरगं म्हणालं, स्वतःच्या नावावर नवीन खातं काढलं तर आधी बारा माणसांनी चौदा दिवस ते ॲप आपल्या फोनवर ठेवून वापरावं लागतं. मी माणसं गोळा करायला लागलोय. मी, आई, आत्या, तिचा पोरगा, शेजारचे वायरमन काका, उमरग्याचे दोघं मोटारवाले, चहावाला, मळ्यातला बारक्या, आयटीआयचे माझे दोन मित्र. सगळ्यांचे जीमेल लिहून घेतलेत, चहावाल्याचं मीच काढून दिलं. अकरा झाले. बारावा तुझा मामा होऊ शकतो, पण त्याला फोन तूच कर. माझं त्याचं बोलणं नाही.

तुझे,
अण्णा

ता. क. धपाटे परत केलेत आईनं, या वेळी खा. आणि त्या फोनचं उत्तर मला दुकानाच्या नंबरवर दे, घरच्या नको.