परवानाधारक सभासदांसाठी सूचना : घरातील शस्त्र सुरक्षित ठेवण्याबाबत

सर्व परवानाधारक सभासदांना कळविण्यात येते की, आत्मसंरक्षणासाठी अथवा शेतराखणीसाठी घेतलेली बंदूक घरात भरलेल्या अवस्थेत, उशाखाली किंवा कपड्यांच्या कपाटात कदापि ठेवू नये. चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसण्याची जागा) रिकामे असल्याची डोळ्यांनी पाहून व बोटाने चाचपून खात्री करावी, मगच ती भिंतीला पक्क्या केलेल्या लोखंडी पेटीत कुलूपबंद करावी आणि काडतुसे वेगळ्या कुलपात ठेवावीत. रात्री-अपरात्री शस्त्र चटकन हाती यावे असे ज्यांना वाटते, त्यांनी नंबर-लॉकची छोटी तिजोरी घ्यावी. भरलेले पिस्तूल उघड्यावर ठेवणे हा त्यावरचा उपाय नव्हे, कारण सुट्टीत आजोळी आलेल्या नातवंडांना आपण लपवलेल्या जागा हमखास सापडतात, ही आमची खरी काळजी आहे. राधानगरी, पन्हाळा, शाहूवाडी भागातील सभासदांनी पावसाळ्यात शस्त्र चामडी कव्हरमध्ये ठेवू नये. चामडे ओल धरते आणि नळीला गंज चढतो.

शस्त्र कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर वरातीत हवेत गोळीबार केल्यास २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, हेही ध्यानात असावे. शस्त्र गहाळ झाल्यास आधी घरात शोधत न बसता त्वरित पोलीस ठाण्यात कळवावे. त्यासाठी शस्त्राचा क्रमांक व परवान्याची प्रत पेटीबाहेर, स्वतंत्र जागी ठेवावी.