रोज एक शब्द छापा, बाकीचं आम्ही बघतो

मा. संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पेपरात शब्दकोडं येतं, सुडोकू येतं, राशीभविष्य तर येतंच, त्याच कोपऱ्यात अजून दोन बोटं जागा काढा आणि रोज एक शब्द छापा, एवढंच मागायला हे पत्र. नुसता शब्द. अर्थ नको, सुविचार तर अजिबात नको. त्याच्यावर ज्याला जमेल त्यानं पाच-सहा ओळी लिहायच्या.

हे खूळ कुठनं आलं ते सांगतो. मी बेळगावच्या उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये सुपरवायझर. आमच्याकडं प्रॉडक्शनचं टार्गेट लिहायचा बोर्ड आहे, त्याच्या खालच्या कोपऱ्यात सकाळी कोण ना कोण एक शब्द लिहून ठेवतो आणि चहाच्या सुट्टीत जुन्या जॉबकार्डच्या कोऱ्या बाजूवर सगळे खरडत बसतात. सुरू कुणी केलं ते विचारू नका, भांडणं होतील. शब्द कसलाही, छत्री, पाना, वळचण, किडूकमिडूक. पण नुसता शब्द दिला की माणूस निबंधच लिहितो हो, शाळेची सवय ती, म्हणून सोबत एक आडवी अट घालायची. एकदा अट अशी होती की 'आहे' आणि 'होतं' वापरायचं नाही. करून बघा तुम्ही, घाम फुटतो. शब्द होता छत्री. लेथवरचा एक पोरगा, शाळा सुटल्यापासनं सही सोडून मराठीत काही लिहिलं नाही असं स्वतःच सांगणारा, त्यानं लिहिलं, "छत्री टपरीवर राहिली. पाऊस पिरनवाडीपास्नं मागं लागला. शर्ट भिजला, डबा भिजला. आई लई बोलली." ह्याच पोराला 'पावसाळा' असा विषय दिला असता तर 'पावसाळा हा माझा आवडता ऋतू आहे' म्हणून सुरू झाला असता आणि बेडकांच्या डराव डरावपाशी येऊन अडकला असता. 'आहे' काढून घेतलं की वाक्यात काहीतरी घडवावंच लागतं, पळवाटच राहत नाही.

दुसरी एक अट म्हणजे शब्दाचा साफ खोटा अर्थ सांगायचा, पण छातीठोक. किडूकमिडूकवर एकानं लिहिलं की किडूक आणि मिडूक ह्या दोन जावा, एकीनं नवऱ्याच्या दारूपायी डागदागिने मोडले आणि दुसरीनं त्याच पैशात आपले करून घेतले, त्यावरनं हा शब्द पडला. त्या दिवशी चहाची सुट्टी जरा लांबली, मालकांनी बघून न बघितल्यासारखं केलं. गोकाककडचा एक जण कन्नडात लिहितो आणि वाचून दाखवतो, आम्हाला अर्धं कळतं, उरलेलं त्याच्या हातवाऱ्यांवरनं.

आता सवय कशी लागते तर माझ्या मते अशी, की काम बारीक पाहिजे, सगळ्यांना एकच पाहिजे आणि आजचं आजच संपलं पाहिजे. ते वर्डल नावाचं इंग्रजी खेळणं आठवा. पाच अक्षरांचा एक शब्द, सहा वेळा ओळखायची संधी, सगळ्या जगाला दिवसाला एकच, दुसरा पाहिजे असेल तर उद्या या. १ नोव्हेंबर २०२१ ला ते ९० लोक खेळत होते आणि २ जानेवारी २०२२ ला तीन लाखाच्या वर गेले, मग त्याच महिन्यात न्यूयॉर्क टाइम्सनं ते विकतच घेतलं. बक्षीस काही नव्हतं, लोक यायचे ते शेजाऱ्याला जमलं का आणि मला जमलं का एवढ्यासाठी. आमच्या बोर्डाचंही तेच चालतं. दांडी मारली तर कोण रागवत नाही, पण दुसऱ्या दिवशी 'काल काय लिवलास रे' म्हणून विचारणारा भेटतोच, तेवढं पुरतं.

आपल्या भागात मराठी लिहिणं म्हटलं की एकदम जड होऊन जातं सगळं, आणि त्याला कारणही आहे. १९४६ ला माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली इथं बेळगावात साहित्य संमेलन झालं त्यात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, तेव्हापासनं इथल्या लेखणीवर ते ओझं आहेच, ते कुणी टाकून द्यावं असं मी म्हणत नाही. पण निवेदन, ठराव, श्रद्धांजली आणि वाढदिवसाचा फ्लेक्स ह्याच्या मधलं काही लिहायचंच नाही का माणसानं? कडोली, उचगाव, येळ्ळूरची संमेलनं मी आवडीनं ऐकतो, गावच्या गाव मांडवात येऊन बसतं, असं चित्र पुण्यातनं येणाऱ्या पाहुण्यांनाही नवीन असतं. फक्त नवोदितांनी साधना करावी हे ऐकून ऐकून कान किटलेत, साधनेच्या भीतीनंच निम्मे लोक वही उघडत नाहीत. आणि इंग्लिश मीडियमची, कन्नड मीडियमची पोरं घरात दिवसभर मराठीत भांडतात पण मराठीत चार ओळी लिही म्हटलं की आजोबांकडं बघतात. त्यांना निबंध कशाला, खोटे अर्थ सांगायला लावा, पोरं त्यात आपल्यापेक्षा पुढं असतात.

तर छापायचंच झालं तर एक-दोन विनंत्या. स्पर्धा करू नका, परीक्षक आले की परत निबंध आला. आणि आलेल्या ओळींतलं 'काय करूलालास' बदलून 'काय करत आहेस' करू नका, तसं केलं तर लिहिणारा दुसऱ्यांदा पाठवायचा नाही. शब्द संपतील ही काळजी तुम्ही करू नका, दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ मध्ये सात भागात निघाला, तो आता मोबाईलवर फुकट बघायला मिळतो, कुठलंही पान उघडून बोट ठेवलं तरी दिवसाचं काम झालं. मात्र अट रोज नवी पाहिजे, ती कुणीतरी बसून काढायला लागते, आणि खरी मजा तिथंच आहे.

पहिला शब्द आमच्याकडनं घ्या, उधारी. अट एवढीच की पैसे, रुपये, वही आणि दुकान हे चार शब्द कुठं येता कामा नयेत.

आपला एक वाचक,
अनगोळ, बेळगाव