‘ओपन’ दाबण्याआधी साइटचे नाव वाचा

संपादक महोदय,

ऑनलाइन मीटिंगच्या लिंकवर क्लिक केले की ब्राउझर ‘हे ॲप उघडू का?’ असे विचारतो. रोजची कटकट नको म्हणून हा प्रश्न सगळ्या साइटसाठी बंद करून टाकण्याची पद्धत काही कार्यालयांत दिसते. ती धोक्याची आहे.

अशा लिंकची सुरुवात ‘एचटीटीपीएस’ने होत नाही, ॲपने स्वतःसाठी नोंदवलेल्या नावाने होते. मोबाइलवरची ‘यूपीआय’ने सुरू होणारी पैसे देण्याची लिंक याच जातीची. विंडोजमध्ये ही नोंद रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात असते: ‘क्लासेस’खाली त्या नावाची ‘की’ (फोल्डरसारखा कप्पा), तिच्यात ‘यूआरएल प्रोटोकॉल’ ही रिकामी व्हॅल्यू आणि ‘शेल’, ‘ओपन’, ‘कमांड’ या उतरंडीत प्रोग्रॅमचा पूर्ण पाथ (फाइलचा पत्ता), शेवटी "%1". या %1च्या जागी अख्खी लिंक बसते, म्हणजे कुठल्याही वेबपेजने लिहिलेला मजकूर थेट तुमच्या प्रोग्रॅमच्या हाती. एका यूजरपुरती नोंद करायला ॲडमिनचे अधिकारही लागत नाहीत.

2022 मध्ये ‘फॉलिना’ प्रकरणात हेच झाले. वर्डची फाइल उघडताच ‘एमएस-एमएसडीटी’ ही लिंक चालायची आणि विंडोजच्या दुरुस्ती-साधनाकडून हल्लेखोराच्या आज्ञा चालवून घ्यायची. मध्ये विचारणारे कोणी नव्हते. जूनमध्ये पॅच (दुरुस्तीचा अपडेट) येईपर्यंत ती नोंदच रजिस्ट्रीतून काढून टाका, असे मायक्रोसॉफ्टला सांगावे लागले.

ॲप बनवणाऱ्यांनी पाथ आणि %1 दोन्ही अवतरणचिन्हांत ठेवावेत, पण तेवढ्यावर भिस्त ठेवू नये. इलेक्ट्रॉनवर (वेबच्या तंत्राने डेस्कटॉप ॲप बनवण्याच्या साधनावर) बनवलेल्या ॲपमध्ये लिंकआधी ‘--’ टाकावे, म्हणजे पुढचा मजकूर स्विच, म्हणजे प्रोग्रॅमला दिलेली सूचना, म्हणून वाचला जात नाही. 2018 मधली इलेक्ट्रॉनची त्रुटी नेमकी इथलीच.

क्लिक करूनही काही उघडत नसेल, तर बहुधा प्रोग्रॅमचे फोल्डर हलवलेले असते आणि रजिस्ट्रीत जुना पाथ राहिलेला असतो. ॲप पुन्हा इन्स्टॉल करावे. ॲप आहे की नाही हे वेबपेजला ब्राउझर सांगत नाही, त्यामुळे ते काही सेकंद थांबून ‘डाउनलोड करा’ म्हणते. ॲप आधीच असेल तर तिकडे लक्ष देऊ नका.

प्रश्न टाळायचाच असेल, तर क्रोमच्या ‘ऑटो लाँच प्रोटोकॉल्स फ्रॉम ओरिजिन्स’ या पॉलिसीत ॲडमिनने त्या ॲपने लिंकसाठी नोंदवलेले नाव आणि फक्त आपल्या विश्वासाची साइट लिहावी. तिथे * (म्हणजे सगळ्या साइट) टाकून मोकळे होऊ नये.

— एक सिस्टीम ॲडमिन, नाशिक