शिक्षकांचा शनिवार त्यांना राहू द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कोकणातल्या कमी पटाच्या शाळांबद्दल आपल्या दैनिकात बातम्या येतात त्या बहुतेक गळक्या छपराच्या, रिक्त पदांच्या, नाहीतर शाळा बंद होणार का याच्या. त्या खऱ्याच असतात. पण चालू असलेल्या शाळेत नेमकं काय चाललंय यावर फारसं कुणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र. आमच्या गावची जिल्हा परिषदेची शाळा चौथीपर्यंत, दोनशिक्षकी, पट तिशीच्या आत. मी शाळा व्यवस्थापन समितीवर पालक सदस्य आहे. शिक्षण हक्क कायद्याने शाळा विकास आराखडा करण्याचं काम या समितीवर टाकलंय. एरवी तो आराखडा म्हणजे रंगकाम, कुंपण आणि पाण्याची टाकी. यंदा बाईंनी आणि गुरुजींनी वेगळाच कागद पुढे ठेवला. मुलांचं वाचन आणि गणित पक्कं करायचं, आणि त्यासाठी आधी शिक्षकांनी शिकायचं.

समितीत पहिला प्रश्न आला तो असा: "मास्तरच शिकूक लागले तर पोरांका कोण शिकयतलो?" हसलो सगळे, पण प्रश्न रास्त होता. दोनशिक्षकी शाळेतला एक जण प्रशिक्षणाला तालुक्याला गेला की उरलेल्याच्या गळ्यात चारही वर्ग पडतात. त्या दिवशी शिकवणं होत नाही, मुलं सांभाळली जातात. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं म्हटलंय. कल्पना उत्तम आहे. पण हे तास भरतात कसे? मोबाइलवर व्हिडिओ लावायचा, शेवटचे प्रश्न सोडवायचे, प्रमाणपत्र उतरवून घ्यायचं. नाहीतर राज्यावरून जिल्ह्याला, जिल्ह्यावरून तालुक्याला, तिथून केंद्राला, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाला, झिरपत आलेलं प्रशिक्षण. ते आमच्या वाडीपर्यंत पोचतं तेव्हा त्यात चहा-बिस्किटं आणि हजेरीची सही एवढंच उरलेलं असतं.

नव्या आराखड्यात हे शाळेच्या आवारातच होणार आहे. जवळच्या तीन वाड्यांवरच्या शाळांतले शिक्षक शनिवारी सकाळची शाळा सुटली की एका शाळेत जमतील. तिथली पाच-सहा मुलं पालकांच्या संमतीने अर्धा तास थांबतील. एक जण शिकवेल आणि बाकीचे त्याच्याकडे नाही, मुलांकडे बघत बसतील. कोण कुठे अडखळलं, कोणी शेजारच्याचं बघून लिहिलं, कोणाला उत्तर येत होतं पण हात वर केला नाही. मग त्यावर बोलायचं आणि पुढच्या आठवड्याचा पाठ मिळून आखायचा. जपानमधले शिक्षक अशा प्रकारे एकमेकांचे पाठ बघत आलेत, असं गुरुजींनी सांगितलं. मला त्याहून महत्त्वाची वाटली ती नोंदवही. कुठलं मूल कुठे अडलं आणि कशाने सुटलं हे तिच्यात लिहायचं आणि वही शाळेतच ठेवायची. आमच्याकडे घाटावरचे शिक्षक येतात, रुळतात आणि आंतरजिल्हा बदलीत आपल्या गावी निघून जातात. त्यात त्यांचा दोष नाही, कुणालाही आपलं घर जवळ हवंच. पण त्यांच्यासोबत सगळं शिकलेलंही जातं आणि नवा माणूस पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो.

वाचनाबद्दल बाईंनी जे सांगितलं ते पालक म्हणून मला नवीन होतं. पहिलीत क, ख, ग या क्रमाने न जाता नेहमी लागणारी अक्षरं आधी घ्यायची, म्हणजे मुलाला दोन-तीन आठवड्यांत खरे शब्द वाचता येतात. दर महिन्याला प्रत्येक मुलाचं एक परिच्छेद वाचन शिक्षकाने स्वतः ऐकायचं. रफारावर अडतंय की जोडाक्षरावर, की वाचतंय घडाघडा पण कळत काहीच नाही, हे वेगवेगळं लिहून ठेवायचं. वाचलेली गोष्ट मुलाने मालवणीत सांगितली तरी ती समजली असं धरायचं. आमच्या लहानपणी याच गोष्टीवर छडी मिळायची. आंब्याच्या बागा राखणाऱ्या नेपाळी कुटुंबांची मुलंही आता शाळेत आहेत. त्यांना मालवणी आणि पुस्तकी मराठी दोन्ही नव्याने शिकायच्या असतात. त्यांच्यासाठी चित्रं आणि बोलणं आधी, वही नंतर, असं ठरलंय.

गणितात तर शिक्षकांनी गावाकडून शिकायचं आहे, आणि हा भाग मला सगळ्यात आवडला. आमचे म्हातारे दर्यावर जायच्या आधी भरतीची वेळ बोटांवर काढायचे: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पंचमीला पावणेचार. हा अंदाज झाला, बंदरागणिक थोडाफार फरक पडतो, पण त्यासाठी पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, पाठ लागते. चौथीच्या मुलाला अपूर्णांक कशासाठी, याचं यापेक्षा चांगलं उत्तर कुठल्या पुस्तकात आहे? हापूसच्या पेट्या डझनावर भरतात, नारळ शेकड्यावर जातात. आमची पोरं पाच डझन म्हणजे साठ हे बागेत चटकन सांगतात आणि वर्गात बाराचा पाढा विचारला की गप्प होतात. गुरुजी लातूरकडचे. त्यांना हे काहीच ठाऊक नव्हतं. आता पुढच्या बैठकीला ते एका जुन्या तांडेलांना, म्हणजे होडीवरच्या प्रमुखांना, बोलावणार आहेत.

सदतीस लिहायला सांगितलं की ७३ लिहिणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात, कारण बोलताना सात आधी येतो आणि लिहिताना तीन. २०१९मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'तीस सात' अशा वाचनाचा पर्याय आला तेव्हा महाराष्ट्रभर त्याची टिंगल झाली. आमच्या शाळेने सोपा रस्ता धरलाय. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधायचे, नाव जुनंच ठेवायचं, आणि गठ्ठे किती नि सुट्या काड्या किती हे हाताला कळू द्यायचं. इथलंच उदाहरण द्यायचं तर बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ साली उत्तर कोकणात बोर्डीला काम सुरू केलं, तेव्हा दगड, पानं, बिया, शिंपले हीच त्यांची साधनं होती. आम्हाला शिंपल्यांची काय टंचाई!

सगळं पटलं असं मात्र नाही. दर सोमवारी चाचणी घ्यायचं कलम आराखड्यात आहे, ते मला जाच वाटतं. लहान मुलांचं वाचन-गणित पक्कं करण्यासाठी केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान जुलै २०२१मध्ये सुरू झालं. तिसरी संपताना मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचावेत आणि ९९९९पर्यंतच्या संख्या वाचाव्यात-लिहाव्यात, हे २०२६-२७पर्यंत साधायचं आहे. यातला 'समजून' हा शब्द सगळे विसरतात. घड्याळ लावून पोरांना पळवलं तर साठ काय, ऐंशी शब्दही होतील आणि गोष्टीत कोण मेलं कोण जगलं याचा पत्ता नसेल. चाचणी महिन्यातून एकदा पुरे, असं मी समितीत सांगितलं. निर्णय व्हायचा आहे.

पैशाचं म्हणाल तर खर्च थोडाच आहे. गावच्या मुंबईकरांच्या मंडळाला शाळेला मोठा टीव्ही द्यायचा होता. बाईंनी तो हात जोडून नाकारला आणि गोष्टीची पुस्तकं मागितली. मंडळी थोडी खट्टू झाली, कारण पुस्तकावर देणगीदाराची पाटी लागत नाही. पण याआधी आलेला एक टीव्ही खाऱ्या हवेने आणि जूनच्या विजेने वर्षभरात संपवला, हेही सगळ्यांना ठाऊक आहे.

खरी अडचण वेळेची आहे. बैठकीचा पहिलाच शनिवार एका तातडीच्या ऑनलाइन माहितीने खाल्ला. दुसऱ्या वेळी दोन शिक्षक मतदार यादीच्या कामाला गेले. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच शिक्षणाबाहेरची कामं शिक्षकांना देता येतात, पण माहिती भरायला रोज येणाऱ्या लिंका कुठल्या कलमात बसतात ते कुणी सांगत नाही. जिल्ह्यातल्या अधिकाऱ्यांना आपल्या पत्रातून विनंती: शनिवारी दुपारी दीडपर्यंत शिक्षकांकडून कोणतीही माहिती मागवू नये, ती सोमवारी मिळेल. केंद्राच्या मासिक शिक्षण परिषदेत परिपत्रकं वाचण्याऐवजी यातला एखादा पाठ बघावा. आणि आमच्या शेजारच्या वाडीत एकच शिक्षक उरलाय, तिथलं दुसरं पद दिवाळीच्या सुट्टीआधी भरावं. तो एकटा माणूस शनिवारी निघून आमच्याकडे येतो, तेव्हा त्याच्या शाळेला कुलूपच लागलेलं असतं, कुणी पालक चौकशीला आला तर भेटायलाही कोणी नसतं.

आपली,
एक पालक, शाळा व्यवस्थापन समिती सदस्य
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग