आई-बाबा, अर्ज दिलाय

आई, बाबा,

फोनवर सांगितलं असतं तर बाबांनी मधेच फोन आईकडे दिला असता आणि आईनं जेवलीस का विचारलं असतं, म्हणून लिहितेय.

कॉलेजात पगाराचा अर्ज दिला मी. सहीनिशी, पोच घेऊन. त्यामुळे आता 'जरा थांब' म्हणून उपयोग नाही.

माझ्यानंतर लागलेले एक सर आहेत, सेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) माझ्यासारखीच, पीएचडी अजून चालू, त्यांना माझ्यापेक्षा जास्त पगार आहे. लेक्चर्स तेवढीच, पेपर तेवढेच, नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या ग्रेडसाठीच्या, फायली मात्र माझ्याकडे! विचारलं तर म्हणे त्यांचा आधीचा पगार जास्त होता. आता मी आधी सीएचबीवर, तासावर पैसे, सुट्टीत काही नाही, मग माझा 'आधीचा पगार' असणार किती? एकदा कमी मिळालं की पुढे जाल तिथे त्यावरच थोडं वाढवून देतात. आमचे धडगावकडचे आदिवासी पावरा सर तर माझ्याहून खाली, घरात पहिलेच शिकलेले, इंटरव्ह्यूत पगारावर घासाघीस करायची असते हेच त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. आणि कायदा (१९७६ चा समान वेतनाचा, आता २०१९ च्या वेतन संहितेत आलाय) बाई-पुरुष भेद करू नका म्हणतो, जातीचं त्यात काही नाही. म्हणून आम्ही दोघांनी मिळून एकच मागितलंय, सगळ्यांना स्केल लावा. सरकारी अनुदान असलेल्या कॉलेजात लेव्हल १०, बेसिक ५७,७०० पासून, तिथे कोण विचारतं आधी काय घेत होतात? तुम्ही दोघं झेडपीत एकाच स्केलवर होतात की.

बाबा, तुम्हाला आत्याचं आठवणार, माहितीय मला. पण आत्या एकटी होती.

काँट्रॅक्ट मे मध्ये संपतंय, नाही वाढवलं तर क्लासेस आहेत, पुण्यात काही उपाशी मरत नाही कोणी. भाडं आम्ही दोघी भागवतो, डब्यात भाकरी असते, पिठलं आईसारखं नाही एवढंच. मला ताप आला की बाबा उशाशी बसून पाढे म्हणायचे ना, परवा कणकण होती तेव्हा एकोणतीसचा स्वतःच म्हटला, येतो अजून.

बाबा, शुगर उपाशीपोटी तपासायची, चहा पिऊन नाही. आई, माळ्यावर चढायचं नाही, गहू मी आले की काढू. पैसे नेहमीसारखे येतील, परत पाठवू नका.

आणि काकांना यातलं काही बोलू नका, ते लगेच कोणा ओळखीच्या ट्रस्टींना फोन लावतील.

तुमची,
चिमी